सावडीचा नेम

“आमदारीण झाली म्हनून काय झालं, मूठ बांधायची ती ढिलीच!”

जनी हे कुणाला उद्देशून बोलली नव्हती. पण लावणीला वाकलेल्या दोन बायकांत हातभराचं अंतर, वरून पाऊस, आणि इरल्याखाली पुटपुटलेलं वर जायला वाट नाही. ते थेट शेजारणीच्या कानात उतरतं. सोनुबाईनं ऐकलं. सकाळी राबाच्या वाफ्यातली रोपं उपटून मुठी तिनंच बांधल्या होत्या, आणि त्यातली एक जनीच्या हातात सुटून चिखलभर पसरली होती.

“काय म्हनलीस गं?”

“मी कुठं काय? पावसाला म्हनलं, वैनी.”

“पाऊस बांधतोय व्हय मुठी?”

मागच्या रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. जनी सोनुबाईची धाकटी जाऊ. तोंडानं फटकळ, हातानं चपळ. तिचं बोलणं झोंबायचं, कारण बहुतेक वेळा ते खरं असायचं. मूठ ढिली बांधली गेली हे सोनुबाईला बांधतानाच कळलं होतं. हात राबात होते, मन नव्हतं.

मन होतं नवऱ्यापाशी, आणि नवरा होता ओटीवर, वर्तमानपत्रात डोकं घालून.

धाकलूभाऊ दोन वर्षांमागं आमदार झाला. कळंबच्या अलीकडच्या या वाडीतून आमदार व्हावा ही गोष्टच अशी की पहिले सहा महिने लोक त्याच्या घरावरून जाताना उगाच खाकरून जात. गावानं सोनुबाईलाही सांगून पाहिलं, की आता तुम्ही चिखलात उतरू नका, बरं दिसत नाही. “भात काय आता इस्त्रीचं लुगडं बघून उगवनार हाय?” असं म्हणून तिनं काष्टा खोचला आणि उतरली. न उतरून चालणार कसं? वाडीची सावड तिच्या शब्दावर चालायची.

सावड म्हणजे पाळीपाळीनं एकमेकांच्या शेतावर राबणं. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. पण तिचा एक नेम होता, आणि तो वाडीत देवाच्या पालखीइतका सांभाळला जायचा. लावणीआधी सगळी घरं पहिल्या बांधावर जमायची. ज्यानं त्यानं पायातलं काढायचं, अनवाणी बांधावर उभं राहायचं आणि चारचौघांत मोठ्यानं सांगायचं, ‘मी हाय’ किंवा ‘मी नाय’. ‘नाय’ म्हणणाऱ्यावर कुणी डोळे वटारायचे नाहीत. कुणाला मुलीचं लग्न निघालेलं असतं, कुणाचं सावडीशी पटलेलं नसतं. त्याला पान द्यायचं, बरं म्हणायचं, आणि त्यानं आपलं आपण बघायचं. पुढच्या साली तो पुन्हा यायला मोकळा. पण जो बांधावर आलाच नाही, हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही, घरात दडून राहिला आणि मग सोयीनं ‘मी तर तुमच्यातलाच’ म्हणत आला, त्याच्या खाचरात त्या साली सावडीचं पाऊल पडायचं नाही.

यंदा हिरू तसा दडला होता. हिरू सोनुबाईचा सख्खा मावसभाऊ. कुठल्याशा ठेकेदारानं जास्त मजुरी कबूल केली होती, ती मिळते का बघून मग बोलू, असा त्याचा हिशेब. ठेकेदार आला नाही आणि हिरू हसत हसत सावडीत शिरायला आला. सोनुबाईनं मूठ खाली न ठेवता सांगितलं, “तुझ्याकडं यंदा सावड नाय रं हिरू.” मावसभाऊ म्हणून नाही, आमदाराची बायको म्हणून नाही, सावड म्हणून. आता हिरू आणि त्याची बायको दोघंच आपलं खाचर लावत होती, आणि आजूबाजूच्या हिरव्या शेतांत ते ठिगळासारखं दिसायचं. सोनुबाई त्या बाजूनं जाताना मान वळवून जायची. पण नेम तो नेम.

त्या नेमावरच तर ती या घरात रुजली होती. ती नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. वाडीत चिंधी नावाची विधवा होती, एकटी. ती सावडीला माणसांच्या बदली माणसं कुठून देणार? म्हणून म्हाताऱ्यांनी ठरवलं, तिचं शेत शेवटी, वेळ उरला तर. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मिसरूड फुटलेला धाकलू वहाणा काढून बांधावर चढला आणि म्हणाला, “तर मग मी नाय.” त्याचा आवाज कापत होता. म्हाताऱ्यांनी त्याला रीतीप्रमाणे पान दिलं. त्या साली त्यानं आणि त्याच्या नव्या नवरीनं चिंधीचं शेत लावलं आणि मग आपलं, दोघांनी मिळून. सोनुबाईच्या पायांना चिखल्या झाल्या, रात्री पाय जमिनीला टेकवत नव्हते. पण आईकडं पहिल्या सणाला गेली तेव्हा तिनं नवऱ्याचं वर्णन एवढंच केलं, “उभा राहतो.”

तोच माणूस आमदार झाला आणि त्याच्या तोंडात एक शब्द येऊन बसला. बघू. रस्ता हवा? बघू. बदली हवी? बघू. सोनुबाईनं एकदा विचारलं, भाजीत मीठ बरोबर हाय का, तर म्हणाला, बघू.

आणि आता एकोणसत्तर सालच्या त्या पावसाळ्यात दिल्लीत मोठाच घोळ झाला होता. राष्ट्रपतीची निवडणूक लागली होती. पक्षानं एक उमेदवार दिला होता आणि पक्षातल्याच अर्ध्या लोकांचं मन दुसऱ्यावर होतं. एक बाजू म्हणे, शिस्त म्हणजे शिस्त, पक्ष सांगेल तिथंच मत. दुसरी बाजू म्हणे, ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. पक्षाचे उभे दोन तुकडे व्हायची वेळ आली होती. त्या निवडणुकीत आमदारांनाही मत असतं, हे वाडीला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि दिल्लीचा राष्ट्रपती आपला धाकलू निवडणार म्हटल्यावर जो तो ओटीवर येऊन बसू लागला.

“तुमाला काय वाटतं वो?” सोनुबाईनं एकदा जेवताना विचारलं होतं.

“वाटून काय करतीस? चार जनांनी खोलीत बसून ठरवलं, आन् आमाला कळवलं. सावडीत बी बांधावर उभं करून इचारतात गं. हितं कुनी इचारलंच नाय.” मग भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाला, “ब्यांका सरकारनं घेतल्या ना, ते मला बरं वाटलंय. आपल्या मानसाला त्या दारात कुनी तरी ‘बस’ म्हनंल. आन् ज्यांना ते खुपलंय, त्यांचाच मानूस ह्यो पक्षानं दिलेला.”

“मग तसं सांगा की त्यांना.”

“बघू.”

म्हणून मूठ ढिली.

त्याच दुपारी जीप आली. पुढे जिल्ह्याचे अध्यक्ष नानासाहेब, पांढरं स्वच्छ धोतर दोन बोटांत उचललेलं. मागे दोन कार्यकर्ते. आणि वाट दाखवायला लियाकत. लियाकतचं कशेळ्याला दुकान, तालुक्यात पक्षाचं काम, आणि धाकलूची शाळेपासूनची दोस्ती. ही मंडळी बांधावरून घराकडं निघाली आणि लावणीतल्या सोमीनं हातातली निथळती मूठ आडवी धरून वाट अडवली. लावणीत नवा माणूस बांधावरून चालला, तर त्यानं एक मूठ लावल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही इथली रीत.

कार्यकर्ते गडबडले. “अगं, हे अध्यक्ष आहेत जिल्ह्याचे.”

“मग चांगली लावतील,” सोमी म्हणाली.

नानासाहेब मोठ्या मनाचे. हसले, वहाणा काढल्या, धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि उतरले. एकेक रोप असं खोचलं की ते लगेच आडवं व्हावं.

“साहेब,” जनी म्हणाली, “रोप उभं करायचं असतं. निजवायचं नसतं.”

खाचरभर हसू पसरलं, नानासाहेबही हसले. गलका ऐकून धाकलू टोपी सावरत बांधापर्यंत आला होता. नानासाहेबांनी पाय धुता धुताच त्याला म्हटलं, “बरं झालं इथंच भेटलात. धाकलूभाऊ, माझ्या जिल्ह्याची मतं अशी एका मुठीत गेली पाहिजेत. एक रोप सुटता कामा नये. तुमचं मी धरून चालतो.”

पाऊस थांबला होता. सगळ्या बायका कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या, जणू पाठ मोकळी करायला. सोनुबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

“बघू साहेब,” धाकलू म्हणाला.

नानासाहेबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. राजकारणात ‘बघू’ म्हणजे ‘हो’ की ‘नाही’ हे ऐकणाऱ्याच्या गरजेवर असतं, आणि नानासाहेबांना ‘हो’ची गरज होती. ते चहा पिऊन गेले. सोनुबाईनं मात्र पाहिलं होतं, की धाकलू अख्खा वेळ बांधावर वहाणा घालूनच उभा होता.

लावणी संपली. धाकलू मुंबईला जाऊन मत देऊन आला. ते मत गुप्त, पेटीत पडलेलं, कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. पण पंधरवडाभर अंथरुणात कुशी बदलणारा माणूस त्या दिवशी आला, पेज प्याला आणि भिंतीला पाठ लागताच घोरायला लागला. सोनुबाईनं ओळखलं. एवढी गाढ झोप पक्षाचं ऐकून येणारी नव्हती.

तिनं झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावर वाकळ घातली, त्याच्या पायांकडं पाहिलं. टाचेच्या भेगांत अजून चिखलाचा रंग होता. चिंधीच्या शेतातला तो पोरगा कुठं गेला नव्हता तर.

निकाल लागला आणि पक्षाचा उमेदवार पडला. मग कोण फुटलं याची शोधाशोध सुरू झाली. कर्जतच्या हॉटेलात, खालापूरच्या कचेरीत, एसटीच्या थांब्यावर तेवढाच विषय. आणि धाकलू आला की लोक एकदम भाताच्या रोगावर बोलू लागत. लियाकतला माहीत होतं, तो बोलत नव्हता. वाडीला माहीत होतं, वाडी बोलत नव्हती. धाकलू तर बोलतच नव्हता. सोनुबाईनं ठरवलं होतं, आपण होऊन विचारायचं नाही. ज्यानं केलं त्यानं सांगावं. सगळ्या घरात ते न बोललेलं असं पसरलं होतं, की जणू पाहुणा येऊन राहिलाय आणि त्याचं नाव कुणालाच आठवत नाही.

बेणणीच्या दिवसांत, तण काढता काढता, जनीनं पुन्हा तोंड उघडलं. या वेळी पुटपुटली नाही.

“वैनी, एक इचारू? राग नाय ना येनार?”

“तुझ्या बोलन्याचा राग धरला असता तर मी कवाच म्हातारी झाली असती. बोल.”

“हिरूनं हो म्हनलं नाय, नाय म्हनलं नाय, गप बसला. त्याच्या खाचरात आपन पाय ठेवला नाय. बरूबर?”

“बरूबर.”

“मग घरचा कुनी बांधावर गप बसला, तर त्याला चा कसा मिळतो वो?”

सोमीनं जनीला कोपरानं ढोसलं. हातातलं तण सोनुबाईनं इतक्या जोरात उपटलं की सोबत भाताचं रोपही आलं. तिनं ते पुन्हा खोचलं, बोटानं चिखल दाबला आणि दुसऱ्या ओळीला गेली. जनीचं बोलणं झोंबलं, ते नेहमीच्याच कारणानं.

दुसऱ्या आठवड्यात लियाकत निरोप घेऊन आला. खालापूरला पक्षाची सभा होती, आणि नानासाहेबांनी धाकलूला सपत्नीक बोलावलं होतं. सत्कार होता, शाल, नारळ.

“कसला सत्कार?” सोनुबाईनं विचारलं.

लियाकतनं चहाची बशी फिरवली. “शिस्तीचा, भाभी. साऱ्या महाराष्ट्रात मतं फुटली म्हणतात, आपल्या जिल्ह्यातलं एकही फुटलं नाही, असा ठराव आणणार आहेत नाना. एकमतानं. म्हणजे वरून चौकशी नको, कुणाला नोटीस नको. पुढचं तिकीटही शाबूत. धाकलूला काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं.”

“नुसतं बसायचं,” सोनुबाई म्हणाली.

धाकलू छपराकडं बघत होता.

सभेच्या सकाळी तिनं त्याला धुतलेली टोपी आणून दिली. तो ती घडीवर घडी घालत बसला. तेव्हा ती अंगणाकडं तोंड करून म्हणाली, “पुढल्या साली सावड दुसरीनं सांभाळावी म्हनते. जनी सांभाळील.”

“का गं? काय झालं?”

“हिरूला मी शेताबाहेर ठेवलं. येता-जाता त्याची बायको माझ्याकडं बघते. काय चुकलं व्हतं त्याचं? नाय म्हनायची छाती झाली नाय, येवढंच ना? येवढं तर कुनाचंबी व्हतं.” ती थांबली. “बांधावर एक नेम आन् घरात दुसरा, असं मला जमनार नाय. म्हनून म्हनते, जनीला देते.”

धाकलू बघूसुद्धा म्हणाला नाही.

लियाकतच्या जीपमधून जाताना तिघंही रस्त्याबद्दलच बोलत होती. हा खड्डा मागल्या साली नव्हता. हा होता, पण लहान होता. कर्जत गेलं, चौक गेलं, कुंभिवलीच्या बाजूला डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या आणि लियाकत म्हणाला, यंदा पाणी बरं आहे. पाणी बरं आहे, धाकलू म्हणाला. बरं आहे, सोनुबाई म्हणाली. तालुक्याच्या खड्ड्यांची इतकी आस्थेनं चौकशी कुणा आमदारानं केली नसेल.

सभा भाताच्या गिरणीच्या वखारीत होती. कोंड्याचा वास, वर पत्र्यावर पाऊस, समोर सतरंज्या आणि एका बाजूला बायकांसाठी बाक. व्यासपीठावर टेबल, त्याला पांढरी चादर, पण चादर अपुरी. टेबलाखालचे पाय सगळ्यांना दिसत होते. सोनुबाई पहिल्या बाकावर बसली. शेजारच्या बाईनं तिच्या हाताकडं पाहिलं, नखांत चिखलाची काळी रेघ होती. सोनुबाईनं हात लपवला नाही.

नानासाहेब बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. माणूस खोटा नव्हता. आपलं घर शाबूत राहावं म्हणून भिंतीवरच्या भेगेसमोर फोटो टांगणाऱ्यातला होता. पक्ष म्हणजे एक कुटुंब म्हणाले. वादळं येतात, जातात म्हणाले. “पण मला अभिमान आहे, की या वादळात आपल्या जिल्ह्यातलं एकही मत फुटलं नाही. हा ठराव आपण टाळ्यांच्या गजरात, एकमतानं मंजूर करू.”

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणी कुणाकडं पाहिलं नाही. मागं उभा असलेला लियाकतही वाजवत होता, दुसरीकडं बघून. सोनुबाईचे हात मांडीवरच होते.

मग शाली आल्या. पहिली दुसऱ्या कुणा आमदाराच्या खांद्यावर पडली. दुसरी घेऊन नानासाहेब धाकलूकडं वळले. धाकलू मान खाली घालून बसला होता. सोनुबाईला वाटलं, घेतली. आता ही शाल घरी येईल, ट्रंकेत पडेल, आणि थंडीत कितीही कुडकुडलो तरी ती दोघांपैकी कुणी अंगावर घेणार नाही.

तेवढ्यात तिची नजर टेबलाखाली गेली.

धाकलूचा उजवा पाय वहाणेतून बाहेर आला. मग डावा. दोन्ही वहाणा त्यानं पायानंच नीट जोडून बाजूला सारल्या आणि अनवाणी पावलं जमिनीवर टेकवली.

वखारीत एवढी माणसं होती, पण त्याचा अर्थ एकट्या सोनुबाईला कळला. तिनं पदर नीट केला, पाठ ताठ केली. तिकीट जाईल, जीप दारात यायची बंद होईल, खाकरणारी माणसं खाकरायची थांबतील. जाऊ दे. जनीला मात्र आज घरी गेल्यावर सांगता येणार होतं.

धाकलू उठला. शाल धरलेले नानासाहेबांचे हात त्यानं हळूच खाली केले.

“साहेब, तुमी आमच्या शेतावर आलात, मूठ लावलीत. तवा मी बघू म्हनलो. तितंच, बांधावर उभं राहून, तुमाला नाय म्हनायला पायजे व्हतं. मत माझं व्हतं, ते मी माझ्या मनानं दिलं, त्याचं मला वाईट वाटत नाय. पर तुमाला न सांगता दिलं, येवढं चुकलं. तुमचा नेम काय आसंल तो मला लावा.”

त्याचा आवाज कापत होता, चिंधीच्या शेतावरून बोलताना कापला होता तसाच.

“तुमी म्हनता, आपल्या जिल्ह्यातलं येकबी मत फुटलं नाय. येक फुटलंय, साहेब. ते माझं.”